पक्षी वाढले की शटर?

माझ्या पीएचडीच्या प्रपोजलच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘सोलापूर-धाराशिव पट्ट्यातल्या माळरानांवरील पक्ष्यांची उडतानाची छायाचित्रे २००५ नंतर मोठ्या प्रमाणावर आढळतात, यावरून हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचा या भागातील वावर अलीकडे वाढला असावा.’ वाक्य मला फार आवडलं होतं. साधनं आहेत, काळ आहे, निष्कर्ष आहे, आणि शेवटी ‘असावा’ म्हणून नम्रपणाही आहे. गाईड मॅडमनी समासात पेन्सिलीनं चारच शब्द लिहिले: ‘पक्षी वाढले की शटर?’

पुढचे दोन महिने माझे त्या चार शब्दांत गेले. तुमच्यापैकी जे नेट-सेट, पेट वगैरे देऊन आता विषय शोधताय, आणि ज्यांना ‘फोटोंवरून इतिहास लिहू’ असं वाटतंय, त्यांच्यासाठी हा लेख. फोटो हे साधन दिसायला सोपं असतं. मोडी वाचावी लागत नाही, फारसीचा शब्दकोश लागत नाही. म्हणूनच साधनचिकित्सा करायची राहून जाते.

आधी जागा सांगते. अणदूर हे तुळजापूर तालुक्यातलं गाव, सोलापूर-हैदराबाद हायवेवर, नळदुर्गच्या पुढे. लोकांना ते खंडोबामुळे माहीत असतं. इथला देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि थंडीचे पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपूरच्या देवळात. गंमत बघा, साधारण याच थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून पक्षी येतात आणि कॅमेरेवालेही पाण्याच्या कडेला सरकतात: नळदुर्गला बोरी नदीकाठी, पुढे उजनीला. त्यामुळे या भागातले फोटो तारखांनुसार लावून बघितले तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गठ्ठा जाडजूड आणि एप्रिल ते जुलै पातळ. आता मला सांगा, उन्हाळ्यात अणदूरच्या माळावर पक्षी नसतात का? असतात. चंडोल असतात, धाविक असतात, टिटव्या असतात. एप्रिलच्या उन्हात दुपारी दोन वाजता माळावर उभा राहणारा माणूस नसतो, एवढंच.

ही झाली पहिली गाळणी, माणसाच्या सोयीची. दुसरी गाळणी यंत्राची, आणि तिचा इतिहास समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उडत्या पक्ष्याचा फोटो काढायची धडपड सुरू केली ती चित्रकारांपेक्षा शरीरशास्त्रज्ञांनी. फ्रान्सचा एतिएन-ज्यूल मारे हा हृदयाचे ठोके, चालण्याची लय अशा हालचाली मोजणारा माणूस. पक्ष्याचा पंख नेमका कसा हलतो हे त्याला हवं होतं. सुरुवातीला त्यानं कबुतरांना हवेच्या नळ्या बांधून पंखांच्या हालचालीचे आलेख काढले. पण नळ्या बांधलेलं कबूतर मोकळ्या कबुतरासारखं उडतं का, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेत मायब्रिजनं धावत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा मारेनं त्याच्याकडे उडत्या पक्ष्यांचे फोटो मागितले. १८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आला, सोबत काही फोटोही होते, पण मारेचं समाधान झालं नाही. मग १८८२ मध्ये त्यानं स्वतःच एक हत्यार बनवलं: फोटोची बंदूक. दस्ता, चाप, नळी, सगळं बंदुकीसारखं. आत गोळीऐवजी फिरती काच. चाप ओढला की सेकंदाला बारा फोटो, आणि प्रत्येक फोटोला प्रकाश मिळणार सेकंदाचा सातशेविसावा भाग. ही बंदूक घेऊन तो नेपल्सजवळ समुद्रावरच्या पक्ष्यांवर नेम धरायचा. पक्ष्यांवर नेम धरतो, बार काढत नाही आणि रिकाम्या हातानं खुशीत घरी जातो, म्हणून तिथले लोक त्याला वेडा म्हणायचे अशी गोष्ट सांगितली जाते.

या फोटोंमधून मारेला कळलं की पंख नुसता वरखाली होत नाही. खाली येताना तो पुढेही ढकलला जातो. आज हे आपल्याला स्लो मोशनमध्ये मोबाईलवर दिसतं. पण १८८२ च्या आधी जगातल्या कुठल्याही डोळ्यानं ते सुटं सुटं पाहिलं नव्हतं. पुढे दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, ओटोमार आन्शुत्झ या जर्मन छायाचित्रकारानं करकोच्यांचे उडतानाचे आणि घरट्यावर उतरतानाचे फोटो काढले. ते ओटो लिलिएन्थालनं अभ्यासले, आणि पुढे तो स्वतः पंख बांधून टेकडीवरून तरंगला. म्हणजे उडत्या पक्ष्याच्या पहिल्या चांगल्या फोटोंचे वाचक पक्षीप्रेमी नव्हते. ते यंत्रं बनवणारे होते.

इथे एक आडवाट घेते, कारण ती आपल्याकडे येते. मारेला बंदुकीची कल्पना सुचली ती ज्यूल जान्सेन या खगोलशास्त्रज्ञाच्या फोटो-रिव्हॉल्व्हरवरून. १८७४ मध्ये शुक्र सूर्यासमोरून जाताना टिपायला त्यानं ते बनवलं होतं. हाच जान्सेन १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी गुंटूरला आला होता, हेलियमच्या कथेत तुम्ही त्याचं नाव वाचलं असेल. आणि त्याच कथेतला दुसरा माणूस लॉकियर? तो १८६८ मध्ये विजयदुर्गला होता असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गला तो आला जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तीस वर्षांच्या अंतरानं झालेली दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली. फोटोंच्या मथळ्यांमध्ये हे पदोपदी होतं, म्हणून सांगितलं.

आता परत आपल्या भागात. मारे नेपल्सला बंदूक रोखत होता तेव्हा अणदूर निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात छायाचित्रण मागासलेलं होतं असं समजू नका. लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते आणि त्यांचं काम जगात कुठेही मांडावं असं आहे. पण त्या काळच्या दरबारी फोटोंत जंगली प्राणी कसे दिसतात? मेलेले. पुढ्यात वाघ, मागे साहेब आणि सरदार. काचेवर फोटो घ्यायचा तर समोरची वस्तू स्थिर हवी, आणि जंगली जनावर स्थिर करायचा एकच खात्रीचा मार्ग होता.

पक्ष्यांच्या शास्त्रीय नोंदीही बंदुकीनंच होत. सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तिचे भाग पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आले. पद्धत त्या काळाचीच: पक्षी मारायचा, कातडं भरायचं, मापं घ्यायची, चिठ्ठी बांधायची. आपल्याला आज कसंसं होतं, पण संशोधक म्हणून एक गोष्ट मान्य करा. त्या चिठ्ठीवर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. आजच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सुंदर फोटोवर यातलं काहीच नसतं.

शिकाऱ्यांचंही तेच. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाच्या खात्यावर १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर भागात मारलेले ९६१ माळढोक जमा आहेत. आकडा वाचून पोटात गोळा येतो. पण माळढोक एकेकाळी दख्खनच्या माळावर किती असतील याचा अंदाज बांधायला हा आकडा जितका उपयोगी पडतो, तितका उपयोगी एकही फोटो पडत नाही. मारणाऱ्यानं मोजलं, टिपणाऱ्यानं मोजलं नाही.

आता एक सराव करू. समजा, अणदूरच्या एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओच्या कपाटात तुम्हाला पोस्टकार्ड आकाराचा एक काळा-पांढरा फोटो सापडला. खाली माळाची रेघ, वर पंख पसरलेला एक मोठा पक्षी. मागे शाईनं ‘माळढोक, १९७८’. तुमचं काळीज धडधडेल, कारण नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं १९७९ मध्ये. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं तेही त्याच दशकात. म्हणजे अभयारण्याच्या एक वर्ष आधीचा, अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा पुरावा! लगेच पेपर लिहायला बसाल. थांबा.

पहिलं गणित भिंगाचं. त्या काळी बहुतेक कॅमेऱ्यांवर ५० मिमीचं साधं भिंग असायचं. माळढोकाच्या पंखांचा पसारा धरा दोन मीटरच्या वर. तो शंभर मीटरवरून उडाला, तर निगेटिव्हवर त्याची लांबी किती? पसारा गुणिले भिंगाची लांबी भागिले अंतर. उत्तर येतं एक मिलिमीटर. ३६ मिलिमीटर रुंदीच्या फ्रेममध्ये एक मिलिमीटर! त्यावरून माळढोक की गिधाड की करकोचा, हे सांगता येणार नाही. तुमच्या हातातल्या फोटोत पक्षी फ्रेमच्या एक चतुर्थांश भरत असेल, तर दोनच शक्यता. एक तर तो दहा-बारा मीटरवर होता, जे माळढोकाच्या बाबतीत जवळजवळ अशक्य. त्याची नजर आणि त्याचा सावधपणा माळावरच्या माणसांना चांगला माहीत आहे. किंवा फोटो काढणाऱ्याकडे चारशे मिमीचं लांब भिंग होतं, आणि तरीही तो ऐंशी-नव्वद मीटरपर्यंत पोचला होता. १९७८ मध्ये असं भिंग कोणाकडे असायचं? परदेशी कॅमेरे आणि भिंगं आणणं परवान्यांच्या जंजाळात होतं. एवढा एक धागा धरला तरी तुम्ही पक्ष्याच्या इतिहासातून माणसांच्या इतिहासात शिरता: जीप कोणाची, ओळख कोणाची, बाहेरगावाहून कोण आलं होतं, आणि स्टुडिओत त्यानं प्रिंट का सोडली.

दुसरं गणित वेळेचं. पक्षी सेकंदाला पंधरा मीटर वेगानं आडवा जातोय असं धरा. शटर सेकंदाच्या साठाव्या भागापुरतं उघडलं तर तेवढ्यात तो पंचवीस सेंटिमीटर सरकतो. फोटोत पक्षी नाही, एक फराटा येईल. हजाराव्या भागापुरतं उघडलं तर दीड सेंटिमीटर. आता पिसं वेगळी दिसतील. पण शटर जितकं घाईत मिटतं तितका प्रकाश कमी, मग फिल्म तितकी संवेदनशील हवी. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३० च्या दशकात आली तेव्हा तिची संवेदनशीलता दहाच्या आसपास होती, साठच्या दशकात ती पंचवीसवर आणि मग चौसष्टवर गेली. पंचवीसच्या फिल्मवर, भर दुपारच्या उन्हात, एफ ५.६ चं भिंग पूर्ण उघडून तुम्हाला मिळणार सेकंदाचा साधारण दोनशेवा भाग. पहाटे तर विचारूच नका. आज कॅमेऱ्याचं बटण फिरवून ३२०० वर जाता येतं, म्हणजे त्या फिल्मच्या १२८ पट. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये परिस्थिती बरी होती; शंभरच्या फिल्मवर उन्हात हजाराव्या भागापर्यंत पोचता यायचं. तेव्हा आपल्या काल्पनिक फोटोचं काळं-पांढरं असणं ही गरिबीची खूण असेलच असं नाही. उडता पक्षी गाठायचा म्हणून ती मुद्दाम निवडही असू शकते. आणि ती फिल्म देशीसुद्धा असू शकते: उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना तोवर सुरू झाला होता आणि ‘इंदू’ छापाची फिल्म बाजारात मिळत होती. निगेटिव्ह मिळाली तर तिच्या कडेला फिल्मचं नाव छापलेलं असतं. प्रिंटच्या मागची शाई कोणीही, कधीही लिहू शकतं. निगेटिव्हची कडा तसं करत नाही. म्हणून स्टुडिओवाल्या काकांना प्रिंटच्या आधी निगेटिव्हचं विचारा.

तिसरं, फोकस. १९८५ मध्ये मिनोल्टाचा सात हजार क्रमांकाचा कॅमेरा आला आणि ऑटोफोकस सर्वसामान्य छायाचित्रकारांच्या हातात पोचला. त्याआधी पक्षी तुमच्याकडे झेपावतोय आणि तुम्ही हातानं कडं फिरवताय, असा मामला. शंभरातला एखादा फोटो नीट यायचा, आणि छत्तीस फोटोंचा रोल संपला की खेळ खलास. त्यामुळे त्या काळच्या पक्षी-छायाचित्रकारांनी एक सोपा मार्ग धरला होता: घरटं. पक्षी घरट्याकडे परत येणारच. जागा ठरलेली, फोकस आधीच लावलेला, आपण आडोशाला. इंग्लंडच्या कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये घरट्याचा फोटो काढून ही वाट पाडली. पुढे तर त्यांनी पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात बसून फोटो काढले. (दख्खनमधले शिकारी बैलगाडीच्या आडोशानं माळढोकाजवळ जायचे. बैलावर पक्ष्याचा विश्वास दोन्हीकडे सारखाच होता म्हणायचा.) आपल्याकडे लोक वान थो या सिंगापूरच्या सिनेमा-उद्योजकानं सालिम अलींच्या सोबतीनं जे पक्षी टिपले, त्यातही घरट्याजवळचं काम खूप आहे; त्याचं ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे पुस्तक १९५७ चं. एरिक हॉस्किंगसारखे लोक इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरून उडते पक्षी गाठत होते, पण तेही बहुतेकदा घरट्याकडे येणारे.

याचा आपल्या कामाशी संबंध काय? फिल्मच्या काळातला फोटोसंग्रह उघडलात तर पक्षी बसलेले, अंडी उबवणारे, पिल्लांना भरवणारे दिसतील. तेव्हाचे पक्षी कमी उडायचे, असं कोणी म्हणणार नाही. पण ‘त्या काळी अमुक पक्षी इथे घरटी करायचा, आता फक्त वरून उडत जाताना दिसतो’ असा निष्कर्ष मात्र सहज निघतो, आणि तो कदाचित निव्वळ कॅमेऱ्याच्या बदलामुळे निघालेला असतो. माझं सुरुवातीचं वाक्य याच जातीचं होतं. २००५ च्या सुमारास डिजिटल कॅमेरे तालुक्याच्या गावांपर्यंत आले. रोलचा खर्च गेला. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी माळावर घिरट्या घालताना पूर्वीही दिसायचा, पण त्याच्यावर दोन रोल उधळायची ऐपत कोणाची होती?

चौथा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो, आणि तो कुठल्याही गणितात बसत नाही. पक्षी उडाला का?

पक्ष्यांचे फोटो बघताना त्यांचं तोंड कुठे आहे ते बघा. कॅमेऱ्यापासून लांब जाणारा, पाय अजून लोंबकळणारा, नुकतीच जमीन सोडलेला पक्षी बहुतेकदा फोटो काढणाऱ्याला घाबरूनच उठलेला असतो. म्हणजे तो फोटो त्या पक्ष्याच्या रोजच्या वागण्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. तो त्या सकाळी एक माणूस किंवा एक जीप किती जवळ गेली, याचा पुरावा आहे. माळढोकाच्या बाबतीत ही बाब नुसती तांत्रिक राहत नाही. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ती उठली की अंडं ऊन, कावळा आणि मुंगूस यांच्या ताब्यात. चांगला ‘फ्लाइट शॉट’ मिळवायला पक्षी उठवायची सवय काही लोकांना असते, हे छायाचित्रकार स्वतःच कबूल करतात. असा फोटो तुमच्या प्रबंधात छापताना तुम्ही काय छापताय याचा विचार करा. मी माझ्या यादीत ‘पक्षी उठवलेला दिसतो का’ असा एक रकाना केला आहे. तो भरताना कधी कधी त्याच माणसासमोर बसलेली असते, ज्यानं चहा पाजून, कौतुकानं हार्ड डिस्क उघडून दिलेली असते. तेव्हा मी तो रकाना घरी येऊन भरते. हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण उडतानाच्या फोटोंना कमी लेखूही नका. माळढोकाला आज सगळ्यात मोठा धोका हवेतच आहे: विजेच्या तारा. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी ऐनवेळी वळू शकत नाही. शिवाय २०१० मध्ये ग्रॅहॅम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी आफ्रिकेतल्या कोरी बस्टर्ड या त्याच्या भावकीतल्या पक्ष्याची नजर तपासली. डोळे बाजूला असल्यानं त्याला समोरचं फार अरुंद दिसतं, आणि उडताना खाली जमीन न्याहाळायला मान थोडी वाकवली की समोरचं दिसणंच बंद होतं. हे वाचल्यावर मी माळढोकांचे उडतानाचे फोटो पुन्हा काढून बसले. या वेळी पंख सोडून मानेचा कोन बघायला. तोवर मी मान कधी पाहिलीच नव्हती. तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश झाला, मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. नान्नज अभयारण्याची मूळ हद्द सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होती, पुढे ती सुमारे १,२२२ वर आणली. महाराष्ट्रात आता माळढोक दिसला तर ती पेपरात बातमी होते. म्हणून इंटरनेटवर ‘सोलापूरचा माळढोक’ म्हणून जो झकास उडता पक्षी दिसतो, तो जैसलमेरचा नाही ना, हे आधी बघा. मागे खेजडीचं झाड किंवा वाळूची लाट दिसली तर शंकेला जागा आहे.

डिजिटल फोटोत माहिती आपोआप साठते म्हणतात. साठते, पण कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं नसेल तर तारीख खोटी असते, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती माहिती उरतच नाही. तेव्हा मूळ फाईल मागा, तीही पेन ड्राइव्हवर. दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा मात्र प्रबंधात छापू नका. ई-बर्डसारखे संच तीच काळजी घेतात. कोणीतरी तुमचा प्रबंध नकाशा म्हणून वापरेल.

आता शेवटी एका छोट्या पक्ष्याबद्दल, कारण माझं प्रपोजल खरं तर त्यानं वाचवलं. अणदूरच्या आसपासच्या माळावर, नांगरटीच्या रानात, चिमणीहूनही लहानसा एक पक्षी असतो. नर खालून काळा, डोक्यावर राखी. विणीच्या दिवसांत तो सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, पुन्हा उसळी मारून वर, पुन्हा खाली, असं करत करत शेवटी जमिनीवर. मराठीत त्याला डोंबारी म्हणतात. माळढोकाचं नाव तो राहतो त्या माळावरून पडलं, आणि या पक्ष्याचं नाव त्याच्या कसरतीवरून. म्हणजे कॅमेरा यायच्या कितीतरी आधी कोणीतरी हा पक्षी उडताना पुरता बघितला होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि जे बघितलं ते एका शब्दात ठेवून दिलं होतं. फोटोत मात्र हा डोंबारी कसा येतो? आकाशात एक काळा ठिपका, पंख मिटलेले. तो चढतोय की पडतोय, कळत नाही. एका फोटोत कसरत मावत नाही.

पण आजचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो, मारेच्या बंदुकीपेक्षा जास्त. म्हणजे कसरत टिपली जाते. मग ती जाते कुठे? मी एका हौशी छायाचित्रकाराला विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, एक चांगला ठेवायचा, बाकीचे डिलीट. कार्ड भरतं ना.’

म्हणजे मारेला ज्यासाठी हत्यार बनवावं लागलं, ती फोटोंची ओळ आपल्याकडे दर रविवारी तयार होते आणि दर रविवारी संध्याकाळी पुसली जाते. तेव्हापासून मी चांगले फोटो मागत नाही. ‘डिलीट करायच्या आधी वाईट फोटो मला द्या’ असं सांगते. लोक हसतात, पण देतात. एकानं डोंबाऱ्याच्या सलग एकवीस फ्रेम दिल्या. त्यातल्या सतरा धूसर आहेत. एकवीसही ओळीनं लावल्या की चढण, थांबा, झेप सगळं दिसतं, आणि कोपऱ्यातल्या बाभळीवरून जागाही पटते. एकट्या ‘चांगल्या’ फोटोत ती बाभूळ कापली गेली होती.

प्रपोजलमधलं ते वाक्य मी बदललं. आता ते असं आहे: ‘या पट्ट्यातील पक्ष्यांच्या उडतानाच्या छायाचित्रांची संख्या २००५ नंतर वाढलेली दिसते. ही वाढ प्रामुख्याने उपकरणांची, खर्चाची आणि छायाचित्रकारांच्या संख्येची आहे. पक्ष्यांच्या संख्येविषयी तिच्यावरून थेट काही म्हणता येत नाही.’ वाक्य लांबलं, आणि निष्कर्ष लहान झाला. विभागाच्या समितीत एका सदस्यांनी विचारलंही, ‘मग यात नवीन काय?’ त्याचं उत्तर देताना माझी बरीच तारांबळ उडाली.

गाईड मॅडमनी या वेळी समासात प्रश्नचिन्ह काढलं नाही. खाली एवढंच लिहिलं होतं: ‘१९८५ च्या आधी अणदूर-नळदुर्गचे रोल धुवायला कुठे जायचे, ते बघ.’ पुढच्या आठवड्यात सोलापुरातल्या जुन्या स्टुडिओंची यादी करायला निघतेय.